तिसऱ्या कडव्यातलं टिक्

दिवाळी सरली, वारा फिरला आणि गावात पुन्हा बोंबलांचा वास सुटला. बाहेरचा माणूस या दिवसांत डहाणू गावात शिरला की आधी खिशातला रुमाल काढून नाकाला लावतो. आम्हाला त्या वासाने सीझन कळतो, कॅलेंडर बघावं लागत नाही. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात, बायका दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून आडव्या बांबूंवर टाकत जातात आणि दुपारपर्यंत सगळा किनारा पांढरा होऊन हलत राहतो. दरवर्षी हा वास आला की मला भूक लागायची. यंदा लागली नाही. गेल्या वर्षी याच वासात मी एका गाण्यामागे वेड्यासारखा धावलो होतो, आणि त्या धावण्याची धाप अजून गेलेली नाही.

मला आवाजाचं वेड आहे. गाता येत नाही, वाजवता येत नाही. कोळ्याच्या पोटी जन्मून होडीत पाय टाकला की मला ओकारी येते, म्हणून बापाने कपाळावर हात मारून मला कारकुनीला लावलं. तानसेन नाही तर कानसेन तरी व्हावं म्हणतात, तो मात्र मी झालो. आमच्या तरुणपणी हळदीला, सत्यनारायणाला, गणपतीत भोंग्यावर जी कोळीगीतं वाजायची, बेंजो, ढोलकी आणि मागे पोरींचा कोरस, ती आता सीड्यांवर पुन्हा निघतात. ‘सदाबहार’ म्हणून निघतात, ‘अविस्मरणीय’ म्हणून निघतात, भाग पहिला, भाग दुसरा. माझी मुलगी कल्पना वापीला असते, ती विचारते, पप्पा, सीडी आता कोण ऐकतं? मी ऐकतो. आणखी माझ्यासारखे काही रिकामटेकडे ऐकतात आणि फोनवरच्या ग्रुपात भांडतात. नवी सीडी आली की तिथे विचारतात, वासूचा निकाल काय? माझा निकाल बहुतेक वेळा वाईटच असतो.

निकाल द्यायची माझी एक पद्धत आहे. गाणं सुरू होण्याआधी जी क्षणभराची मोकळी जागा असते, ती आधी ऐकायची. जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या गाण्यात तिथे बारीक खरखर असायलाच हवी. मुळीच नसेल तर समजायचं, साफसफाईवाल्याने हात मारलाय, आणि ज्याने खरखर काढली त्याने तिच्याबरोबर आणखीही बरंच काही काढलं असणार. घाईने कोळंबी सोलली की सालाबरोबर मांसही जातं, तसं. मग ढोलकी. थाप पडल्यावर कातडं किंचित घुमतं, ते घुमणं शिल्लक आहे का? मग बेंजोच्या तारेवर नखी लागते तो आवाज. सगळ्यात शेवटी कोरस. चार पोरी गात असतील तर चार ऐकू आल्या पाहिजेत. बहुतेक सीड्यांत एकच जाडजूड बाई ऐकू येते. मी हे सगळं वर्षानुवर्षं मौज म्हणून करत होतो. एखादी सीडी नापास केली की दिवस बरा जायचा.

त्यातल्या एका गाण्याच्या कोरसमध्ये माझी बायको आहे.

जमनाचं माहेर झाईचं, बोर्डीच्या पुढे, जिथे रस्ता संपता संपता गुजरात लागतं. रागावली की ती गुजरातीत शिरायची, आणि मग तिला उत्तर देणं माझ्या आवाक्याबाहेर जायचं. झाईच्या पोरींचा हळदीला गाणारा एक घोळका होता. आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव होतं, आणि त्यांची पुढारी होती जमनाची मावशी. आमचं नुकतंच लग्न झालं होतं, तेव्हा मुंबईचा कुणी संगीतकार ऐकून-ऐकून तिथे पोचला. त्याला होडीची वाट बघणाऱ्या कोळणीचं एक गाणं करायचं होतं आणि मागे खऱ्या कोळणींचे आवाज हवे होते. नव्या नवरीला असं मुंबईला धाडायचं का, यावर आमच्या घरात बरीच कुजबूज झाली. शेवटी माझ्या आईनेच तिला धाडलं. मला रजा मिळाली नाही. निघताना तिने माझ्या खिशातला रुमाल काढून घेतला, गाडीत मळमळलं तर असू दे म्हणून.

तिथलं जे काही मी सांगतोय ते तिच्याच तोंडून ऐकलेलं. माईकसमोर उभं केल्यावर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, बांगड्या काढून ठेवा, आवाज येतो. मावशी उखडली. होड्या समुद्रात असताना बाईने हात रिकामा करायचा नाही, ही आमच्याकडची रीत, आणि त्या दिवशी गावच्या झाडून सगळ्या होड्या बाहेर होत्या. जमनाचा नवरा होडीवर नव्हता, टेबलावर होता, पण तिच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता. त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. मावशीने सरळ सांगून टाकलं की बांगड्यांसकट गाणं हवं असेल तर घ्या, नाहीतर आम्हाला संध्याकाळची गाडी आहे. मग तोडगा निघाला. प्रत्येकीने बांगड्या वर सरकवून त्यांच्यावर रुमाल घट्ट बांधला. जमनाच्या हातावर माझा रुमाल होता. ही गोष्ट ती दर लग्नसराईत कुणाला तरी सांगायची, आणि सांगताना मावशीचा आवाज काढायची.

त्या गाण्याची रेकॉर्ड आमच्याकडे होती. पत्र्याच्या पेटीत उन्हाने वाकडी झाली. नंतर कॅसेट घेतली, ती टेपने खाल्ली. आम्हाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. गाणारी बाई स्वयंपाकघरात उभी होती, भाकऱ्या थापता थापता गुणगुणत होती. रेकॉर्ड कशाला लागते?

मग तिचा घसा बसला. आधी हवेवर ढकललं, मग मसाल्यावर. काढे झाले, गुळण्या झाल्या, डहाणू झालं, वापी झालं, आणि शेवटी मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक पडेल, तिथून श्वास चालेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. इतकं सोपं करून सांगितलं त्यांनी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला मोसंबी सोलून देत होतो. तिने माझा हात धरला आणि फाटक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली,

“अवो, त्या गाण्यात माझा आवाज आहे. तुम्ही एवढे कानवाले. तेवढा शोधून ठेवा.”

मी म्हटलं, ठेवतो. त्यानंतरही ती काहीबाही बोलली असेल, नर्सशी, कल्पनाशी. माझ्याशी बोललेलं हे शेवटचं.

कुणी म्हणेल, हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, बोलणं सापडेलच कुठेतरी. आम्हीही शोधलं. कल्पनाच्या फोनमध्ये नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे, त्यात फुगा फुटतो आणि गलक्यात जमना ‘अगं बाई’ म्हणते. आजारपणातली दोन-तीन बोलणी आहेत, पण त्यांतला आवाज तिचा नव्हे, आजाराचा आहे. तिचं गाणं कुठेच नाही. आयुष्यभर ज्या बाईच्या गळ्याने माझी सकाळ झाली, तिचं गाणं म्हणून जगात उरलं ते एवढंच, चौघींतली एक, आणि तेही कुणाकुणाच्या हातून धुऊन-पुसून निघालेलं.

गेल्या वर्षी बोंबील वाळायला लागले तेव्हा आम्ही तिला घरी आणलं होतं. मी कामाला लागलो. ते गाणं असलेल्या सीड्या मागवल्या. मुंबईच्या एका कंपनीचा संच आधी आला. गुळगुळीत कव्हर, त्यावर नऊवारी नेसलेली एक मॉडेल, मागे नारळ आणि आमच्या समुद्रात कधी न दिसणारी होडी. कल्पनाने आणून दिलेले हेडफोन कानाला लावले. पहिल्या मोकळ्या जागेत चिटपाखरू नाही. ढोलकी डबा वाजवल्यासारखी, बेंजोला नखी नाही, आणि कोरसला माणसंच नाहीत. पलीकडच्या घरात कुणी ‘आऽऽ’ करतंय एवढंच. एरवी असल्या सीडीवर मी ग्रुपात मिटक्या मारत लिहिलं असतं. त्या दिवशी मला रडू आलं.

दुसरी सीडी दुसऱ्या कंपनीची. तिने सगळंच मोठं करून ठेवलं होतं. गायिका नरड्यावर बसलेली, ढोलकी कानात, आणि कोरसला असा घुमारा दिला होता की पोरी विहिरीत उतरून गातायत असं वाटावं. त्या घुमाऱ्यात मला एकदा जमना ऐकू आल्यासारखी झाली. तेवढा तुकडा मी पुन्हा पुन्हा लावला. जितका ऐकावा तितका तो आवाज दुसऱ्याच कुणाचा व्हायला लागला, आणि शेवटी मला भीती वाटली की असंच ऐकत राहिलो तर माझ्या डोक्यातला तिचा आवाजही पुसला जाईल. मी हेडफोन काढून ठेवले. जमना समोर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली, भुवया उंचावल्या. मी नकारार्थी मान हलवली. ती परत लसूण सोलायला लागली.

तिला गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. धरलं की माणूस डब्यातून बोलल्यासारखा बोलतो. तिने ते एकदाच वापरलं. स्वतःचा तो आवाज ऐकून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, हीसुद्धा वासूसारखाच निकाल देते. यंत्र कपाटात गेलं. लिहिण्याचं म्हणाल तर ती सहीपुरतं लिहिते. ओठ हलवून बोलते, त्यातलं निम्मं मला कळतं, निम्म्यासाठी ती कपाळाला हात लावते. आणि मला हाक मारायची झाली की मनगट आपटते. दाराच्या चौकटीवर, ओट्यावर, पलंगाच्या कडेवर, जे जवळ असेल त्यावर. काचेच्या बांगड्यांचं टिक् झालं की मी उठायचं. थोड्याच दिवसांत त्या टिकचे प्रकार मला कळायला लागले. जेवायला या वेगळं, गॅस संपला वेगळं, कुठे तडफडलात ते वेगळं.

तिसरी सीडी मधूने दिली. मधू माझा शाळेतला दोस्त, रानशेतचा. लग्नांना लाऊडस्पीकर पुरवायचा धंदा, त्यामुळे त्याच्याकडे जुन्या रेकॉर्डींचा पेटारा होता. मुंबईच्या एका शौकिनाला तो देऊन टाकण्याआधी त्याने सगळ्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या आणि त्यांच्या सीड्या करून तो तलासरीच्या बाजारात विकायचा. कव्हर झेरॉक्सचं, गाण्यांची नावं अर्धी चुकीची. मी तिला कधी सीडीच मानलं नव्हतं. लावली मात्र, आणि पहिल्याच मोकळ्या जागेत तव्यावर मासा पडावा तशी खरखर सुरू झाली. मी उठून उभा राहिलो. ढोलकी घुमत होती. बेंजोला नखी होती. आणि कोरस आला तो श्वासासकट आला. चार पोरी श्वास घेतात, एक जरा उशिरा घेते, आणि मग ओळ उचलतात. मी जमनाला बोलावलं, एक हेडफोन तिच्या कानाला लावला, एक माझ्या. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गळ्याच्या भोकातून श्वास जोरात चालला होता, तोही मला ऐकू येत होता.

त्यातली तू कुठली, असं मी विचारत राहिलो. ती बोटाने दाखवायची, ही. पुढच्या ओळीला म्हणायची, नाही, ही. चौघी एकाच मावशीने शिकवलेल्या, एकाच वळणाच्या. तिला स्वतःलाही ठाम सांगता येईना. मला वाटलं, तिसऱ्या कडव्यात नक्की सापडेल, कारण तिथे वाद्यं थांबतात आणि कोरस एकटा उरतो. पण नेमकं तिथेच एक टिक् होतं. रेकॉर्डला ओरखडा असला की होतं तसं. दरवेळी मी कान देऊन त्या ओळीत शिरायचो आणि ते टिक् मला बाहेर काढायचं. आमच्या जुन्या रेकॉर्डवरही तिथेच ते होतं असं पुसटसं आठवत होतं, पण तेव्हा वाटलं, सगळ्या काप्यांना एकच खोट असेल. मी मधूला फोन करून सांगितलं, तेवढं टिक् काढून दे. त्याच्या पोरीने लॅपटॉपवर काढलं, कापी न ठेवता मूळ फाईलमधूनच काढलं, आणि त्याने दुसऱ्या दिवशी नवी सीडी बसने पाठवून दिली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोंबील वाळत घातले की कावळे येतात, बगळे येतात. पूर्वी वलांड्यांवर काळी फडकी बांधायचे. आता बाद सीड्या दोऱ्याने लटकवतात. वाऱ्यावर फिरतात, उन्हात चमकतात, कावळे बिचकतात. माझ्या वहिनीच्या वलांड्यांवर वर्षानुवर्षं मीच नापास केलेल्या सीड्या फिरत असतात. नवी सीडी हातात आली, तशी मी बाद झालेल्या तिन्ही, कंपन्यांच्या दोन आणि मधूची खरखरीची, वहिनीला देऊन टाकल्या.

मग दोन दिवस थांबलो आणि कल्पना वापीहून आल्यावर मोठ्या थाटात नवी सीडी लावली. जमना शेजारी बसली. तिसरं कडवं आलं, वाद्यं थांबली, कोरस स्वच्छ, अडथळा नाही. मी खुशीत तिच्याकडे पाहिलं. तिने मनगट उचलून धरलं होतं, कशाची तरी वाट बघत. ओळ संपून गेली. ती मला हाताने म्हणाली, परत लावा. परत लावलं. ओळ पुन्हा स्वच्छ गेली. तिने माझा दंड धरून गदागदा हलवला. ओठ भराभर हलत होते, मला एक अक्षर कळेना, आणि मला कळत नाही म्हणून ती आणखी चिडत होती. आवाज असता तर त्या दिवशी मला गुजरातीत ऐकावं लागलं असतं. शेवटी तिने माझ्या खिशातला रुमाल ओढून काढला. बांगड्या वर सरकवल्या, रुमाल गुंडाळला, एक टोक दातात धरून गाठ मारली. ताठ उभी राहिली, समोर माईक असावा तशी. तोंड उघडलं, हात छातीशी नेला. मग गाठ ओढून सोडली. बांगड्या मनगटावर उतरल्या.

टिक्.

मावशी ओरडेल म्हणून ती तेव्हा गप्प राहिली असणार. पुन्हा घ्यावं लागेल म्हणूनही असेल. कोरस चालूच राहिला, रेकॉर्डिंगवाल्याला कळलं नाही की त्याने सोडून दिलं, कोण जाणे. इतक्या वर्षांत गोष्ट सांगताना तिने रुमाल सुटल्याचं कधी सांगितलं नव्हतं. सगळ्या साफसफाईवाल्यांनी तो ओरखडा समजून काढला होता, आणि मीही काढवला होता. चौघींच्या आवाजात तिचा आवाज कुठला हे सांगता येत नव्हतं, पण ते टिक् फक्त तिचं होतं. तो माझ्या रुमालातून सुटलेला हिरवा चुडा होता.

मी चपला न घालता किनाऱ्यावर पळालो. ऐन दुपार होती, वाळू भाजत होती. वहिनीने सीड्या कुठे बांधल्या ते तिलाच आठवेना. जिथे फडकं जुनं झालं होतं तिथे बांधून टाकल्या होत्या. वलांड्यांची रांग संपत नव्हती आणि प्रत्येकीवर काहीतरी चमकत फिरत होतं. मी एकेक सीडी धरून नाव वाचत होतो. भक्तिगीतं, लग्नाचा व्हिडिओ, कुणाचा तरी एक्सरे, इंग्रजी शिका. बोंबलांचं पाणी डोक्यावर गळत होतं. माझा भाऊ होडीवरून उतरून बघत उभा राहिला, त्याला वाटलं मला ऊन लागलं. मला हात जोडावेसे वाटत होते, पण कुणाला ते कळत नव्हतं. वहिनी मागून येत म्हणाली, “भावजी, कावळ्यांना आता गाणं कोण ऐकवणार?” मी तिच्या अंगावर ओरडलो. मग तिनेही पदर खोचला आणि माझ्याबरोबर शोधायला लागली. तिलाच सापडली. झेरॉक्सचा कागद केव्हाच गेला होता, पण तिच्यावर मधूने मार्करने काढलेली वाकडी होडी होती.

मधूला फोन केला तर तो ततपप करायला लागला. जुनं उतरवलेलं उरलं नव्हतं आणि पेटारा घेतलेल्या शौकिनाचा फोन लागत नव्हता. म्हणजे जे काही होतं ते माझ्या हातातल्या त्या खारट चकतीवर होतं. घरी येऊन ती गोड्या पाण्याने धुतली, मऊ धोतराच्या तुकड्याने पुसली. वाळूने तिच्यावर रेघा ओढल्या होत्या. पहिली गाणी अडखळली, एक चाललंच नाही. आमचं गाणं सुरू झालं. तिसऱ्या कडव्यात पोचलो, आणि तिथे एक सोडून चांगली तीन-चार टिक् झाली. वाळूचे ओरखडेही टिक्‌च करतात. मी आयुष्यभर निकाल दिले, आणि त्या ओळीतलं कुठलं टिक् वाळूचं आणि कुठलं काचेचं, ते मला सांगता येईना. मी पुन्हा लावलं. जमना डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या टिकला तिने मनगट पाटावर आपटलं. पुन्हा लावलं, पुन्हा त्याच जागी. मग मलाही ते कळायला लागलं. वाळूचं टिक् होऊन संपतं. काचेच्या टिकला मागे बारीकशी शेपूट आहे.

कल्पनाने ते लगेच फोनवर उतरवून घेतलं, आता हरवायची भीती नाही. तरी मी सीडीच लावायचो. रोज दुपारी जेवण झालं की एकदा. तिसरं कडवं आलं की सीडीत टिक् व्हायचं आणि पाठोपाठ जमना टिक् करायची. एकवीस-बावीस वर्षांची नवरी आणि ही. गेला सगळा हिवाळा आम्ही असा काढला. तिचा आवाज मला सापडला नाही हे मी तिला सांगितलं. तिने हात झटकला, जाऊ द्या म्हणून. मला नाही जाऊ देता आलं. अजूनही हेडफोन लावतो, अजूनही त्या चौघींत शोधतो, आणि कधी कधी तर वाटतं की ती जरा उशिरा श्वास घेणारी, तीच असेल. असावी असं मला हवंय म्हणून वाटतं, हेही कळतं.

पावसाळ्यात तिच्या मानेला पुन्हा गाठ आली. डॉक्टरांनी या वेळी काही सोपं करून सांगितलं नाही; कल्पनाला बाजूला नेलं आणि बराच वेळ बोलले. आता खाणं नळीने. ती इतकी वाळलीय की माझ्याने तिच्याकडे बघवत नाही आणि तिच्यावरची नजर काढवत नाही. दसऱ्याच्या आसपास पहिल्यांदा तिच्या हातातून बांगडी निसटून पडली. न फोडता, न ओढता, आपोआप. ती फुटली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. माझ्यासारख्या ओकाऱ्या काढणाऱ्या माणसाची होडी कुठे बाहेर असणार, पण तिने घाबरून दुसरा हात मनगटावर धरला. मग कल्पनाने बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि माझा एक रुमाल घट्ट बांधला, पडू नयेत म्हणून. जमनाने मान हलवली, बरोबर म्हणून. हात रिकामा होता कामा नये.

तेव्हापासून घरात टिक् होत नाही. मला कोण बोलावणार? म्हणून मी आता तिच्या पलंगापासून हलतच नाही. ग्रुपात कुणीतरी नव्या संचाचा निकाल विचारलाय, तो तसाच पडून आहे.

परवा दुपारी वारा समुद्राकडून येत होता आणि बोंबलांचा वास घरभर होता. मी सीडी लावली, हेडफोन न लावता, तिला सगळीकडून ऐकू यावं म्हणून. खरखर सुरू झाली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला वाद्यं थांबली तशी तिने डोळे उघडले आणि हात उचलला. तो उचलायला तिला किती वेळ लागला. गाण्यात टिक् झालं. तिने मनगट पलंगाच्या कडेवर टेकवलं. रुमालात गुंडाळलेल्या बांगड्यांचा काहीच आवाज झाला नाही. ती माझ्याकडे बघत होती, भुवया उंचावून, आलं का ऐकू?

मी म्हटलं, आलं.